हुडगेंच्या नावावरची चूक

संगमेश्वर हुडगे यांनी हैदराबादच्या कंपनीची शेवटची मुलाखत गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी, लातुरातल्या आमच्या वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात बसून दिली. पद इंजिनिअरिंग मॅनेजरचं होतं. मुलाखत घेणारे तिघे होते आणि तिघेही हैदराबादेतून स्क्रीनवर बोलत होते. तासाभराची ठरलेली मुलाखत वेळेआधीच संपली.

आमचं कार्यालय हुडगेंच्या वडिलांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. खाली त्यांचं पाण्याच्या मोटारी, पाईप आणि स्टार्टरचं दुकान. वीज गेली की खालचं इंटरनेट बंद पडतं. वरचं इन्व्हर्टरवर चालू राहतं. एवढ्याच कारणानं, पुण्यातली नोकरी गेलेले हुडगे जवळपास वर्षभर मुलाखतींसाठी वर येत राहिले. जाहिरातवाल्यांची केबिन दुपारपर्यंत रिकामी असते, ती त्यांना मिळाली. केबिन म्हणजे छतापर्यंत न पोचलेलं प्लायवूडचं पार्टिशन. आत बोललेलं बाहेर ऐकू येतं, हे त्यांना माहीत होतं. पुढचं बरंचसं त्या पार्टिशनच्या अलीकडून ऐकलेलं आहे. जे ऐकलेलं किंवा पाहिलेलं नाही, ते कोणी सांगितलं हे त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे. मुलाखती इंग्रजीत होत. इथे त्या मराठीत दिल्या आहेत.

हुडगे चव्वेचाळीस वर्षांचे, उंच, मान जराशी पुढे काढून चालणारे. कपाळावर विभूती. मुलाखत सुरू व्हायच्या आधी गळ्यातल्या इष्टलिंगाला शर्टावरूनच एकदा हात लावत. केबिनच्या दाराशी चप्पल काढत. पहिल्या दिवशी आमचे ऑपरेटर वाघमारे म्हणाले, "साहेब, इथं चालतीय चप्पल."

"दुकानातली सवय. गादीवर चप्पल घालून बसत न्हाईत."

"ही गादी कुठं हाय? फिरती खुर्ची हाय ही."

"बसून काम तेच करायचंय," हुडगे म्हणाले आणि चप्पल बाहेरच ठेवली.

एकदा वाघमारेंच्या कोपराचा धक्का लागून चहाचा कप कीबोर्डवर लवंडला. हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. हुडगे तेव्हा दारात होते, टेबलापासून बरेच लांब. ते लगेच म्हणाले, "माझ्याकडं लागलं ते. मी मधीच आवाज दिला." त्यांनी आवाज दिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः नवा कीबोर्ड घेऊन आले. त्यानंतर बरेच दिवस वाघमारे म्हणत, "हुडगेसाहेब हायेत का वर? मग बिनघोर सांडा." हुडगेही हसत.

"माझ्याकडं लागलं" हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. ते खालच्या दुकानातून आलेलं आहे. जळालेली मोटार घेऊन गिऱ्हाईक येतं. ती कधी दुकानाच्या कामगारानं चुकीची जोडलेली असते, कधी खुद्द गिऱ्हाइकानं. हुडगेंचे वडील, ज्यांना सगळा बाजार अप्पा म्हणतो, कोणाची चूक हे कधी विचारत नाहीत. "चूक गादीची," म्हणतात, चहा मागवतात आणि मोटार दुरुस्तीला घेतात. गादीवर बसलेल्यानं चूक स्वतःकडे घ्यायची, म्हणजे गिऱ्हाईकही तुटत नाही आणि कामगारही. अप्पांच्या वडिलांपासून ही पद्धत आहे. ती देवणीपर्यंतच्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. त्यामुळे अप्पांनी चूक घेतली म्हणून ती अप्पांची होती, असं कोणी समजत नाही.

पुण्यातल्या कंपनीत ही पद्धत कोणाला माहीत नव्हती.

ती कंपनी दवाखान्यांच्या औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर चालवायची. हुडगे तिथे एका टीमचे मॅनेजर होते. टीममध्ये नांदेडचा अझहर नावाचा इंजिनिअर होता. हुडगेंनीच त्याची शिफारस केली होती. आपल्याकडचा मुलगा, एवढी ओळख त्यांना पुरली होती. एका दुपारी अझहरनं जुन्या नोंदी पुसायची कमांड चाचणीच्या डेटावर चालवायची, ती चालू असलेल्या खऱ्या, म्हणजे लाइव्ह डेटावर चालवली. काही दवाखान्यांच्या औषधांच्या नोंदी गेल्या. त्या संध्याकाळपर्यंत परत आणता आल्या, पण तोवर दवाखान्यांना कपाटं उघडून औषधं मोजावी लागली. पुढच्या आठवड्यात चौकशीची बैठक झाली. तिथे हुडगेंनी सांगितलं की कमांड चालवायला त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी तसं सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीनं माणसं कमी केली, त्यांत हुडगे होते. या दोन गोष्टींचा संबंध होता असं कंपनीनं कुठेही म्हटलेलं नाही. ही हकीकत हुडगे, त्यांच्या पत्नी भाग्यश्री आणि अझहर या तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितली आणि तिन्हींत फरक नाही.

लातुरात आल्यावर अप्पांनी मुलाला एकदा बसवून विचारलं की तू तिथं नेमकं करत काय होतास. हे दुकानातच झालं.

"सॉफ्टवेअर लिहितोस का?"

"पहिलं लिहायचो. आता लिहिणाऱ्यांना सांभाळतो."

"म्हंजे मुनीम."

"मुनीमाच्या वर, अप्पा."

"मंग मालक?"

"मालकाच्या लई खाली."

अप्पांनी थोडा विचार केला. "मंग आडत्या हायेस की. तसं सांग ना."

अप्पांनी मुदत दिली होती. दिवाळी पाडव्याला दुकानाचं नवं वर्ष सुरू होतं. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पाडव्याला गादीवर बसायचं. तेही जमत नसेल तर दुकान अप्पांच्या भाच्याकडे जाईल. "मला आता मोटारी उचलवत न्हाईत," ते म्हणाले. हुडगेंनी मुदत मान्य केली.

तयारी भाग्यश्री घेत. त्या लातुरातल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतात. परीक्षेची तयारी या शहरात ज्या शिस्तीनं होते, त्याच शिस्तीनं त्यांनी नवऱ्याची सुरू केली: रोज सराव, आठवड्याला चाचणी, चुकलेल्या प्रश्नांची उजळणी. शनिवारी क्लासला सुट्टी असली की त्या वर येऊन केबिनमध्ये समोर बसत. सॉफ्टवेअरची रचना सांगायच्या फेरीत हुडगे कधी अडत नसत. रद्दीच्या पानांच्या कोऱ्या कडांवर चौकोन आणि बाण काढत ते तासभर बोलू शकत. अडत ते माणसं सांभाळण्याच्या फेरीत. तिथे एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच.

"टीममधल्या कोणाच्या चुकीमुळे मोठं नुकसान झालं, असा प्रसंग सांगा," भाग्यश्री म्हणत. "वेळ सुरू."

"त्या प्रसंगात चूक माझी होती. मी..."

"थांबा. प्रश्नात कोणाची चूक विचारलीय?"

"टीममधल्या माणसाची."

"आणि तुम्ही कोणाची सांगून राहिलात?"

"मी पण टीममधलाच की."

"शून्य. निगेटिव्ह मार्किंग ठेवू का? आमच्या पोरांना ठेवतो तसं?"

"ठेव. जाऊन जाऊन काय जाणार हाय."

"पोरगं असतात ना, तर वर्गाबाहेर उभं केलं असतं."

"कर की. गॅलरीत वारं बरं असतंय."

हे हसण्यावारी जाई. खऱ्या मुलाखतीत तो प्रश्न आला की हुडगे तेच सांगत. मग पुढचा प्रश्न येई: त्या माणसाला तुम्ही पुढे कसं घडवलंत? त्यावर त्यांच्याकडे काही नसे, कारण त्यांच्या हकीकतीत तो माणूसच नव्हता. नकार येत राहिले. बहुतेक कंपन्या कारण देत नसत. एकीनं दिलं: उमेदवार जबाबदारी घेतो, पण माणसं हाताळल्याचा पुरावा दिसत नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या मुलाखतकारानं फोनवर सांगितलं की तुम्ही काहीतरी लपवताय असं वाटलं. हा फोन हुडगेंनी कार्यालयाच्या जिन्यात उभं राहून घेतला. वर आल्यावर ते बराच वेळ केबिनमध्ये नुसते बसले होते. लॅपटॉप उघडलेला नव्हता.

एका शनिवारी भाग्यश्रींचा आवाज चढला. "कारण कळलंय, तरी पेपर तसाच लिहून राहिलात तुम्ही."

"त्या पोराचं नाव मी घेणार न्हाई."

"नाव घ्या म्हणलं का मी? झालं ते सांगा म्हणलं. अहो, सगळ्यांच्या चुका तुम्हीच घेतल्या तर बाकीच्यांनी काय घ्यायचं?"

हुडगे खाली गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते दुकानात पाईप मोजून देत होते.

दिवाळी महिन्यावर आली तेव्हा हैदराबादच्या कंपनीच्या पहिल्या फेऱ्या पार पडलेल्या होत्या. शेवटची, माणसं सांभाळण्याची फेरी बाकी होती. पाडव्याच्या आत दुसरी कुठली मुलाखत ठरलेली नव्हती. भाग्यश्रींनी एकच गोष्ट लावून धरली: अझहरला जाऊन विचारा. सांगू का म्हणून विचारा. नाही म्हणाला तर मी गप्प बसते.

मला नांदेडला काम होतं, म्हणून आम्ही एकाच एसटीनं निघालो. हुडगे खिडकीशी बसले. काय बोलायचं हे त्यांनी दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिलं, मुलाखतीच्या सरावासारखंच. लोह्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. ते उतरले नाहीत.

अझहरच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान आहे, घर वर. लग्नसराईच्या शेरवान्या सगळीकडे टांगलेल्या होत्या. वडिलांनी मशीन थांबवलं. "आओ साब, आओ. अझ्झू, तेरे सर आए." अझहर वरून उतरला. अठ्ठावीस-एकोणतीसचा, दाढी वाढलेली. त्यानंही पुण्यातली नोकरी सोडली होती, हे हुडगेंना इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

"सर, तुमी कशाला तकलीफ घेतली? फोन करायचा की."

"फोनवर बोलायचं न्हवतं."

हुडगेंनी ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. मुलाखतीत त्या दुपारचं खरं सांगायचं आहे. नाव येणार नाही. तुझी हरकत असेल तर सांगणार नाही. अझहर हसला. ते हसू चांगलं नव्हतं.

"हरकत? सर, मी तेच सांगून राहिलो सगळीकडं. कुणी मानायला तयार न्हाई."

"म्हणजे?"

"मला पण विचारतात ना. तुमची सगळ्यात मोठी चूक सांगा. मी सांगितली. त्या कंपनीत आपल्या जुन्या ऑफिसातला एक जण निघाला. तो म्हणला, ती तर मॅनेजरची चूक होती, चौकशीत तसंच आलं. ते मला म्हणले, दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून विकतोस का? दुसरीकडं मग मी ती सांगितलीच न्हाई, बारीकशी एक सांगितली. तर म्हणले, तुम्ही मोठं काही सांभाळलेलं दिसत न्हाई."

चहा आला. अझहरनं त्यांच्यापुढे बशी सरकवली.

"त्या बैठकीत मी उठलो होतो, सर. तुमी हातानं खाली बसवलं."

"तुला वाचवायला बसवलं."

"वाचलो ना. पण नंतर मला कुणी लाइव्हला हात लावू दिला न्हाई. टीममधी मालूम तर सगळ्यांना होतं. पण बोलायचं कसं? तुमी बोलून बसला होता. मला सॉरी म्हणायला पण जागा ठेवली न्हाई तुमी."

"माझ्याकडं लागलं ते, अझहर. मी..."

"बघा. परत."

वडिलांनी मशीन सुरू केलेलं नव्हतं. ते हातातल्या कापडाकडे पाहत होते.

"माझी चूक मला परत द्या, सर," अझहर म्हणाला. "त्या दिवसाच्या नंतर मी कमांड चालवायच्या आधी काय काय तपासतो, ते तुमाला बसून दाखवू शकतो. पण ते सांगायचं तर आधी चूक सांगावी लागती. आणि ती तुमच्या नावावर हाय."

परतीच्या गाडीत हुडगेंनी सराव केला नाही. अहमदपूर मागे पडल्यावर ते एकदाच बोलले. "अप्पा चूक घेतात तेव्हा ज्याची हाय त्याला माहीत असतंय, आणि दुकानात उभ्या सगळ्यांना बी. मी घेतली ती कागदावर गेली."

गुरुवारच्या मुलाखतीत हुडगेंनी कानाला इअरफोन लावले होते. त्यामुळे पार्टिशनच्या बाहेर फक्त त्यांचा आवाज येत होता. सुरुवातीची बरीच मिनिटं त्यांनी टीमची रचना, कामाची वाटणी, नवीन माणूस घेताना काय पाहतात, हे सांगितलं. मग एक प्रश्न आला असावा, कारण ते थांबले. पुढचं असं होतं.

"कमांड माझ्या टीममधल्या एका इंजिनिअरनं चालवली. मला न विचारता."

"नाही. त्याला लाइव्ह डेटाची परवानगी होती. टीममध्ये सगळ्यांनाच होती. ती तशी उघडी मी ठेवली. तेवढी चूक माझी. कमांड त्याची."

"नाही, चौकशीत असं आलेलं नाही. चौकशीत मी सांगितलं की मीच चालवायला लावली. ते खोटं होतं."

वाघमारेंनी टाइप करणं थांबवलं होतं.

"कारण आमच्या दुकानात असंच करतात," हुडगे म्हणाले. मग दुकान म्हणजे काय, गादी म्हणजे काय, हे त्यांनी इंग्रजीत समजावायला घेतलं आणि मध्येच सोडलं. "ते कारण पुरेसं नाही. त्याला स्वतः सांगायचं होतं. तो उठला होता. मी त्याला बसवलं. त्याला घडवलं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मी त्याला अडवलं."

आणखी थोडं बोलणं झालं, त्यात हुडगेंचे "हो" आणि "समजलं" एवढेच शब्द होते. मग आभार. ते बाहेर आले.

"झालं?" वाघमारेंनी विचारलं.

"झालं."

"पास?"

"पेपर पूर्ण सोडवला," हुडगे म्हणाले आणि खाली दुकानात गेले.

त्याच दुपारी त्यांनी जुन्या कंपनीला मेल पाठवली. कमांड कोणी चालवली, परवानग्या कोणी उघड्या ठेवल्या आणि बैठकीत खोटं कोण बोललं, हे तीन वाक्यांत लिहिलं होतं. प्रत अझहरला होती. मेल पाठवायच्या आधी मजकूर त्याला फोनवर वाचून दाखवला होता. कंपनीचं उत्तर दिवाळीनंतर आलं: प्रकरण बंद झालेलं आहे, नोंदीत बदल होणार नाही.

हैदराबादचा निर्णय पाडव्याच्या आदल्या दिवशी आला. तो भाग्यश्रींनी सांगितला. चौकशीत चुकीची माहिती दिल्याचं स्वतः सांगणाऱ्या माणसाच्या हाती टीम द्यायला कंपनी तयार नव्हती. तांत्रिक फेऱ्या चांगल्या झाल्या होत्या, म्हणून दुसरं पद देऊ केलं होतं, इंजिनिअरचं. हुडगेंनी ते मॅनेजर व्हायच्या आधी, बऱ्याच वर्षांपूर्वी, केलेलं काम होतं. त्यांनी होकार कळवला.

अप्पांना हे समजावलं तेव्हा मी दुकानात होतो.

"हाताखाली किती माणसं?"

"एक बी न्हाई, अप्पा."

"मंग चूक झाली तर घ्यायची कोणाची?"

"माझीच."

पाडव्याला पूजा झाली आणि भाचा गादीवर बसला. हुडगे गिऱ्हाइकांना पेढे देत उभे होते. ओळखीचे लोक त्यांना पुण्याचं विचारत होते, आणि ते हैदराबाद म्हणून सांगत होते. कोणतं पद, हे कोणी विचारलं की इंजिनिअर एवढंच सांगत.

ते जानेवारीत गेले. भाग्यश्री आणि मुलगी परीक्षा होईपर्यंत लातुरात राहणार होत्या, त्यामुळे ते एकटेच निघाले. सकाळची हैदराबादची गाडी होती, उदगीर-बिदरमार्गे. मी निरोप द्यायला बसस्थानकावर गेलो होतो. भाग्यश्री क्लासचा तास संपवून येणार होत्या, त्या अजून पोचल्या नव्हत्या. हुडगेंनी बॅग वरच्या रॅकवर ठेवली आणि जागा धरली. चालकानं इंजिन सुरू केलं तेव्हा त्यांचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. त्यांनी ऐकलं, एका कानावर हात ठेवला, मग कंडक्टरला "एक मिनिट" म्हणून खाली उतरले आणि फलाटाच्या टोकाला, जिथे आवाज कमी होता, तिथे जाऊन उभे राहिले. फोन पुण्याच्या एका कंपनीचा होता. अझहरनं त्यांचं नाव संदर्भ म्हणून दिलं होतं.

"हो, मी त्याचा मॅनेजर होतो," हुडगे म्हणाले. "तो सांगतोय ते बरोबर आहे."

कंडक्टरनं हाक मारली. "ओ साहेब, येणार हाव का न्हाई?" हुडगेंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात हलवला. मी त्यांना गाडी दाखवली. त्यांनी मान हलवली आणि बोलत राहिले. अझहर आता काय काय तपासतो, ते सांगत होते, एकामागून एक, न घाई करता. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली.

फोन संपल्यावर ते म्हणाले, "बॅग गेली."

त्या कंपनीनं अझहरला घेतलं की नाही, याची खात्री मला हे लिहीपर्यंत करता आलेली नाही. बॅग कंडक्टरनं उदगीरच्या बसस्थानकावर उतरवून चौकशी खिडकीत दिली होती. हुडगेंनी ती दुपारच्या गाडीनं जाताना घेतली.